बाळ कुणाकडे असतं?

नोकरी करणाऱ्या बाईला मूल झालं की तिच्या वाट्याला एक प्रश्न येतो. हळदीकुंकवाला येतो, लोकलच्या डब्यात येतो, बढतीच्या मुलाखतीत जरा आडवळणानं येतो. ती चुकून संध्याकाळी सातनंतर ऑफिसात दिसलीच, तर साहेबही काळजीच्या सुरात विचारून घेतात, "बाळ कुणाकडे असतं?" प्रश्न तीन शब्दांचा, पण कोणतंही उत्तर दिलं तरी गुण कापले जाणार हे ठरलेलं. सासूकडे म्हणावं तर "बिचारीला या वयात!" पाळणाघरात म्हणावं तर "अगंबाई, एवढंसं पोर!" बाई ठेवलीय म्हणावं तर "हल्ली कुणावर विश्वास ठेवायची सोय नाही." आणि "नवऱ्याकडे" म्हटलं तर विचारणारी आधी हसते, मग आपली चेष्टा तर चालली नाही ना, म्हणून बारीक नजरेनं बघते.

बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या गृहस्थांना जुळं झालं होतं. पेढे वाटले गेले, "डबल धमाका" वगैरे विनोद झाले, पार्टी कधी म्हणून तगादा लागला. दोन बाळं कुणाकडे असतात, हे मात्र शाखेतल्या एकाही माणसानं त्यांना विचारलं नाही. त्याच महिन्यात रजेवरून परतलेल्या एका मुलीला तो प्रश्न इतके जण विचारून गेले, की शेवटी ती "लॉकरमध्ये ठेवलंय" म्हणायला लागली.

चळवळीतल्या माझ्या मैत्रिणी या प्रश्नावर चिडतात आणि त्यांचं चिडणं रास्तच आहे. मला मात्र वय वाढत गेलं तसा हा प्रश्न मोलाचा वाटायला लागलाय. प्रश्नात काही खोट नाही, तो चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो एवढंच. मूल आहे म्हणजे ते चोवीस तास कुणाच्या तरी नजरेखाली असणारच. ती नजर कुणाची, त्याचे तिला किती पैसे मिळतात, आणि त्या वेळात तिचं स्वतःचं पोर कुठे असतं, असं एकेक विचारत गेलं की 'करिअर की मातृत्व' या परिसंवादी विषयातली बरीचशी हवा निघून जाते.

माझी आई सातारा जिल्ह्यात, डोंगराकडेच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. वडील तालुक्याच्या कचेरीत. धाकट्या भावाच्या वेळची रजा संपली तशी आई त्याला काखोटीला मारून शाळेत न्यायला लागली. वर्गाच्या तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असायची. इकडे फळ्यावर हातच्याची वजाबाकी, तिकडे झोळीत भाऊ. झोळीची दोरी चौथीतल्या एखाद्या मुलीच्या हातात. ती पंधराचा पाढा म्हणत म्हणत झोके द्यायची. बाळ झोपलं की दोरी हळूच सोडून ओळीत येऊन बसायची, ते कुरकुरलं की पाढा तिथेच टाकून उठायची. आज कुणाची पाळी, यावरून मुलींची भांडणं लागत, कारण बाईंचं बाळ सांभाळणं हा मान होता. मुलग्यांची पाळी नसे. त्यांच्याकडे पाणी भरणं आणि घंटा वाजवणं ही खाती. तपासणीला साहेब येणार असल्याची कुणकुण लागली की झोळी उतरायची, बाळ शेजारच्या घरी जायचं आणि शाळा शाळेसारखी दिसायला लागायची.

गावाला आईचं भारी कौतुक होतं. बाईंनी घर सांभाळलं, नोकरी सांभाळली, पोरंही सांभाळली, असं अजून जुनी माणसं सांगतात. ते खोटं नाही. पण त्या दोरी धरणाऱ्या मुलींमधल्या बऱ्याच जणी चौथीनंतर शाळेत दिसेनाशा झाल्या. का म्हणून चौकशी केली तर घरोघरचं उत्तर एकच: आई रोजगाराला जाते, धाकटं सांभाळायला कुणी नाही. म्हणजे शाळेत बाईंची झोळी, घरी आईची झोळी. माझ्या आईनं घरातल्या घरात स्त्रीमुक्तीची छोटीशी लढाई जिंकली होती आणि त्या लढाईची काही रसद या पोरींच्या पाढ्यांतून कापून आली होती. यात आईला काय म्हणणार? सरकारनं तिला पगार दिला, खडू दिला, हजेरीपट दिला. तान्ह्या बाळासाठी काहीच दिलं नव्हतं. तिनं हाताशी होतं ते वापरलं. आपल्याकडे हाताशी नेहमी दुसरी बाई असते, किंवा बाई व्हायच्या वाटेवर असलेली पोर.

कायद्यानं काहीच केलं नाही असं नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सभागृहात होते आणि त्यांनी विधेयकाची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा. मालकालाही त्या बाईच्या कामातून लाभ होतो, तेव्हा तोही अगदी मोकळा सुटत नाही. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. भार मात्र मालकावर पडला, सरकार बाजूला राहिलं. पुढच्या काळात मुंबईच्या गिरण्यांमधलं बायकांचं प्रमाण घटत गेलं. रात्रपाळीची बंदी, बदललेली यंत्रं, बाळंतपणाचा खर्च, अशी त्याची कारणं अनेक होती.

त्यानंतर १९६१ चा देशव्यापी कायदा आला, २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. आनंदाची गोष्ट. पण कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या कमी पगाराच्या बायका सोडल्या, तर हा पगार आईला नोकरी देणाऱ्याच्याच खिशातून जायचा होता. बाळ दोघांचं, आडनाव बापाचं आणि बिल आईच्या मालकाच्या नावावर. बापाच्या कंपनीला दमडीचीही तोशीस नाही. मग समोर एकाच गुणवत्तेचे दोन उमेदवार बसले असताना मालक कुणाला घेईल, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. मुलाखतीत "लग्नाचा काय विचार?" हा प्रश्न येतो तो काही आपुलकीपोटी नव्हे.

पाळणाघराचीही तीच कथा. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची अट होती, पण ती बायकांच्या संख्येवर टांगलेली होती. पुढे हा आकडा तीसवर आला. तीसपेक्षा जास्त बायका असतील तर पाळणाघर काढा. हिशेबी मालकानं यातून काय घ्यायचं? तीसला थांबायचं. २०१७ च्या दुरुस्तीनं हा घोळ निस्तरला. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असले की पाळणाघर हवं, मग त्यात बायका किती हे मोजायचं कारण नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, कारण बापाचीही गणती पाळणाघरात होते हे कायद्याला एकदाचं उमगलं. पुढच्याच ओळीत दिवसातून चार वेळा बाळाला भेटून यायची मुभा आहे. ती फक्त बाईला. दोन वाक्यांचा शहाणपणा, आणि तोही दुसऱ्या वाक्यापर्यंत टिकला नाही.

तरी त्याआधीच्या काळाकडे पाहिलं की पाऊल पुढे पडलंय हे मान्य करावंच लागतं. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींनी पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी सोडावी, असा एकेकाळी नियमच होता. त्याच विमानात तेच काम करणारा पुरुष अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरीत राहू शकत होता, मग त्याला मुलं किती का असेनात. नर्गेश मिर्झा आणि तिच्या सहकारी न्यायालयात गेल्या आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाचा तो नियम रद्द केला, स्त्रीत्वाचा अपमान म्हणून. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही, ही अट त्याच निकालात टिकली. आज कुठल्याच कंपनीच्या नियमपुस्तकात असलं काही लिहिलेलं नसतं. लिहायची गरज उरलेली नाही, कारण हल्ली बायका आपण होऊन सोडतात.

या 'आपण होऊन'वर जरा थांबायला हवं. माझ्या माहितीतली एक हुशार मुलगी, पुण्याच्या चांगल्या कॉलेजातली इंजिनियर, हिंजवडीत नोकरी. मुलगी झाल्यावर तिनं राजीनामा दिला. "कुणी जबरदस्ती केली नाही मावशी, माझा स्वतःचा निर्णय आहे," ती म्हणाली. मी विश्वास ठेवला. ती लेकीत रमली आहे, तिचे दिवस आनंदात जातात; आणि मूल वाढवण्यात रमणाऱ्या बाईला कमी लेखणारा स्त्रीवाद माझ्या कामाचा नाही. पण तिनं निर्णयाचा हिशेब सांगितला तो ऐकण्यासारखा होता. दोघांपैकी एकानं थांबायचं तर ज्याचा पगार कमी त्यानं थांबावं, हे उघड आहे. नवऱ्याचा पगार जास्त होता. का जास्त होता? तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून चार वर्षं आधी नोकरीला लागलेला. चार वर्षांनी मोठा का? तर स्थळं बघताना घरच्यांनी तसंच बघितलं होतं. मुलगा वयानं थोडा मोठा, शिक्षणानं एक पायरी वर, पगारानं थोडा पुढे. याहून कमी असलेलं स्थळ कुठल्या वधूवर सूचक मंडळात मुलीच्या बापानं मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मुलीही मागत नाहीत. म्हणजे राजीनामा कुणी द्यायचा याचा निकाल कांदेपोह्यांच्या बशीबरोबरच लागला होता. बाळ झालं तेव्हा फक्त बेरीज केली गेली, आणि बेरजेत चूक नव्हती.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी चाळून जे दाखवलं, त्यातलं एक आपल्यालाही नीट लागू पडतं. आज सारख्याच शिक्षणाच्या स्त्रीपुरुषांच्या कमाईतली मोठी दरी पहिल्या मुलानंतर पडते. जी कामं रात्रीबेरात्री, सुट्टीच्या दिवशी, केव्हाही हजर राहणाऱ्याला भरघोस मोबदला देतात, ती कामं घरात एकच जण करू शकतो; दुसऱ्याला घरी फोन उचलायला थांबावं लागतं. हिंजवडीतल्या रात्री नऊच्या क्लायंट कॉलला जो बसू शकतो त्याची बढती होते. तो बसू शकतो, कारण त्याच वेळी आतल्या खोलीत कुणीतरी पोराला थोपटत असतं. २०१९ च्या वेळवापराच्या सरकारी पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं भरली, पुरुषांची ९७. त्यातही मुळात असं काम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाण चारात एक एवढंच होतं. बाकीचे तीन त्या सरासरीतही नाहीत.

याला अपवाद झालेच नाहीत असं कुणी म्हणू नये. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे तीन मुलांच्या आई होत्या. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या, मोजमापाची साधनं घेऊन देशभर हिंडणाऱ्या. त्यांच्या बुद्धीचं कौतुक आपण करतो, त्यांच्या स्कूटरचंही करतो. संसाराच्या व्यवहाराची बाजू अंगावर घेणाऱ्या त्यांच्या नवऱ्याचा, दिनकररावांचा उल्लेख मात्र तोंडी लावण्यापुरता येतो. ते स्वतः फर्ग्युसनचे प्राचार्य, घरात रिकामे बसलेले नव्हेत. त्याच घराण्यात रघुनाथराव आणि मालतीबाई कर्व्यांनी मूल होऊ न देण्याचं ठरवलं आणि तो शब्द पाळला. रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी घालवली आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. मूल नको म्हणायचाही बाईला हक्क आहे, हे त्यांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी सांगितलं. आज लग्नाला पाच वर्षं होऊन पाळणा हलला नाही तर सोसायटीतल्या बायका डॉक्टरचा पत्ता घेऊन येतात. तिला मूल नको असेल, ही शक्यता त्यांच्या मनाला शिवत नाही.

पण अपवादांवर समाज चालत नाही. समाज चालतो आजीवर.

नातवंड म्हणजे दुधावरची साय, हे आपण इतक्या वेळा म्हणतो की साय धरेपर्यंत दूध कुणी तापवत उभं राहायचं, ते विचारायचं राहून जातं. माझ्या पिढीच्या बायकांनी नोकरी केली ती आमच्या आया नि सासवांच्या जिवावर. आता आम्ही निवृत्त झालो, भिशी, भजनी मंडळ, नर्मदा परिक्रमा असे बेत ठरवले आणि फोन आला. "आई, माझी रजा संपतेय." मग कुणी हिंजवडीला जाते, कुणी बंगळुरूला, कुणी थेट न्यू जर्सीला. अमेरिकेचं बाळंतपण हा आपल्याकडे आता एक वेगळाच प्रकार होऊन बसलाय. बॅगेत अळीव, डिंक, बाळंतशेपा, वेखंड. मुक्काम सहा महिन्यांचा. आई सहा महिने, ती परतली की सासूबाई सहा महिने. बाहेर बर्फ, आत एकटी बाई आणि बाळ. जावई चांगला असतो, डायपर बदलतो, त्याचा फोटो ग्रुपवर येतो. आजी रात्री किती वेळा उठली याचा फोटो नसतो. नातवाचा लळा खरा असतो, आणि गुडघेही खरे असतात. तिला कुणी विचारलेलं नसतं. विचारलं असतं तरी ती 'हो'च म्हणाली असती, असं सगळे म्हणतात; म्हणून विचारत नाहीत.

आजी नसेल तर पाळणाघर. डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक काकू पाळणाघर चालवायच्या. दोन खोल्या आणि एक गॅलरी, गॅलरीला आडवी उभी जाळी. दारात चपलांची रांग, बोटभर लांबीच्या चपला. ओट्यावर डबे, डब्यांवर चिकटपट्टी, पट्टीवर पेनानं नावं. कुणाला तूप चालत नाही, कुणाला दह्यानं सर्दी होते, हे सगळं काकूंना पाठ. दुपारी पडदे ओढले की सतरंजीवर ओळीनं पोरं निजायची आणि काकू भिंतीला टेकून एकाला मांडीवर, एकाला पायाशी घेऊन डोळे मिटायच्या. संध्याकाळी सात वाजता आया यायला लागत. लोकल लेट झाली की काकूंचा फोन खणखणायचा. त्यांच्याकडे एक लांबुडकी वही होती, तिच्यात उशिरा येणाऱ्यांचे तास लिहिलेले. जादा तासाचे पैसे मागायची वेळ आली की वही उघडी ठेवून त्या आत निघून जायच्या. तोंडानं मागायला त्यांना कानकोंडं व्हायचं. "लेकरासारखं करायचं आणि वर पैसे मागायचे," असं म्हणायच्या. वकील असं म्हणत नाही, दंतवैद्य म्हणत नाही. मूल सांभाळणारीलाच आपल्या कामाच्या पैशाची लाज वाटते, कारण ते काम नसून माया आहे, असं तिला आपणच शिकवलंय.

काकूंच्या हाताखाली एक मावशी होती. लादी पुसायची, शी-शू काढायची, वरणभात लावायची. ती कल्याणच्या पलीकडून, दोन वाहनं बदलून यायची. तिची दोन पोरं कुणाकडे असतात, असं मी तिला एकदा विचारलं. "मोठी हाय की," ती म्हणाली. मोठी म्हणजे दहा वर्षांची. डोंबिवलीतल्या बँक कारकुनाच्या, शिक्षिकेच्या, मंत्रालयातल्या लिपिकेच्या करिअरची साखळी अशी उतरत उतरत त्या दहा वर्षांच्या मुलीच्या हातात जाऊन संपत होती. माझ्या आईच्या वर्गातल्या मुलीत आणि हिच्यात एवढाच फरक, की हिला पाढे म्हणायला वर्गसुद्धा नव्हता.

साखळीच्या अगदी तळाशी काय असतं ते पाहायचं तर ऊसतोडीच्या फडात जायला हवं. मराठवाड्यातून, मुख्यतः बीडमधून, दिवाळीच्या सुमाराला टोळ्या साखरपट्ट्यात उतरतात. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, नवराबायको मिळून एक कोयता. उचल फिटेपर्यंत कोयता थांबायचा नाही. एक दिवस पडला की खाडा, आणि खाड्याला दंड. फडात संडास नाही, न्हाणी नाही, कोपीत पाणी नाही. पाळी आली, दिवस गेले, बाळंत झाली, तरी मोळ्या बांधून गाडी भरायचीच. बाळ उसाच्या पाचटावर सावली बघून निजवलेलं, त्याच्याजवळ त्याची बहीण, जिनं हंगामात शाळा सोडलेली आहे. अंगावरचं दुखणं वाढत जातं, मग कुणी खाजगी डॉक्टर पिशवी काढायचा सल्ला देतो. २०१९ मध्ये बीडमधल्या या शस्त्रक्रियांची ओरड झाली, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. बऱ्याच जणी ऐन तिशीतल्या.

'करिअर की मातृत्व' हा प्रश्न या बायकांना कुणी विचारलेला नाही. त्यांनी आधी घाईघाईत मुलं उरकली आणि मग खाडा पडू नये म्हणून पिशवी टाकली. तिथेही सही-अंगठा त्यांचाच होता, कागदावर निवड त्यांचीच होती. म्हणून कुणी 'माझी निवड' म्हटलं की मी टाळ्या वाजवण्याआधी थोडी थांबते. माणूस निवड करतो ती समोर मांडलेल्या ताटातून. ताट कुणी वाढलं, हेही बघायला हवं. स्त्रीवादाला शिव्या घालणारे म्हणतात, यांनी बायकांना घराबाहेर काढलं आणि मुलं पोरकी केली. खुरपणारी, वीट उचलणारी, गिरणीत राबणारी, लुगडं नेसून डोक्यावर पाटी घेणारी बाई घरात होती कधी? स्त्रीवाद जन्मायच्या कितीतरी आधीपासून ती पोराला पाठुंगळी बांधून कामावर जात होती. तिच्या पोराची काळजी तेव्हा कुणाला वाटली नाही. पांढरपेशा बाई पर्स घेऊन बाहेर पडली तेव्हा एकाएकी सगळ्यांना मातृत्व आठवलं.

आमच्या बाजूच्यांनाही चार शब्द सुनावायला हवेत. आम्ही वर्षानुवर्षं भाषणं केली ती बाईनं बाहेर पडावं म्हणून. ती पडली. पुरुष मात्र तितकासा आत आला नाही, आणि ती मोकळी जागा आम्ही दुसऱ्या बाईनं भरून काढली. स्वस्तात भरून काढली, सुट्टीशिवाय, निवृत्तिवेतनाशिवाय. आमच्या मुक्तीचा एवढा भाग उसनवारीवर आला आहे, आणि ज्यांच्याकडून घेतला त्यांना तो परत मिळालेला नाही.

या कोड्याचं उत्तर महाराष्ट्रात एका बाईनं कधीच काढून ठेवलंय. ताराबाई मोडक. स्वतः एकटीनं मुलगी वाढवलेल्या, राजकोट आणि भावनगरला शिक्षणाचं काम करून आलेल्या. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळ बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र उघडलं, पुढे अनुताई वाघांच्या साथीनं कोसबाडच्या टेकडीवर बस्तान हलवलं. वारली मुलं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी त्या मुलांच्या घरी जाऊन पाहिलं. गुरं राखायची असतात आणि धाकटं भावंड सांभाळायचं असतं. मग त्यांनी मुलांना उपदेश केला नाही, शाळाच हलवली. गुरं चरतात तिथे कुरणशाळा. आणि विकासवाडी या त्यांच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात. म्हणजे मोठी बहीण कडेवरच्या बाळाला घेऊन येईल, बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, आणि मोठी आपल्या वर्गात पाटी घेऊन बसेल. दोरी मुलीच्या हातातून काढून पगारी माणसाच्या हातात दिली की मुलगी शिकते, आई कामावर जाते, आणि बाळही नीट राहतं. एवढं सोपं. पण सोप्या गोष्टीला पैसे लागतात, आणि तो पैसा सरकारच्या अंदाजपत्रकात कुठल्या ओळीत बसतो, यावर सगळं अडतं.

म्हणून माझं म्हणणं अगदी व्यवहाराचं आहे. तिनं नोकरी करावी की घरी राहावं, मूल होऊ द्यावं की नाही, हा तिचा प्रश्न. त्यावर परिसंवाद घेणं आता बंद करावं. झालेल्या मुलाकडे कुणी बघायचं, हा मात्र सगळ्यांचा प्रश्न आहे. पाणी, रस्ता, दिवाबत्ती यांच्यासारखं पाळणाघर हे सार्वजनिक काम आहे. ते चालत जाण्याच्या अंतरावर हवं, साखर कारखान्याच्या फडावर हवं, बांधकामाच्या जागेवर हवं, आणि तिथे काम करणाऱ्या बाईला शिक्षिकेइतका मान आणि पोट भरेल एवढा पगार हवा. बाळंतपणाच्या रजेचा खर्च एकट्या आईच्या मालकावर न टाकता सगळ्यांनी वाटून उचलावा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सांगितलेलं आता तरी ऐकावं. बापाला रजा द्यावी, आणि त्यानं घेतली नाही तर ती बुडावी, आईच्या नावावर वळवता येऊ नये. तसं झालं तरच मुलाखतीत समोर बसलेल्या मुलाकडे बघूनही मालकाच्या पोटात गोळा येईल.

निवडणुका येतील, कुणी ना कुणी पत्रक घेऊन दाराशी येईल. गटार, पार्किंग, मंदिराचा सभामंडप हे बोलून झालं की त्याला उंबऱ्यातच थांबवा आणि विचारा, आपल्या वॉर्डात महापालिकेचं पाळणाघर कधी सुरू करताय? उत्तर मिळेपर्यंत पत्रक हातात घेऊ नका.